रोज्यातली फुंकणी

अर्बाबच्या रायफलीला माणसाचा श्वास लागायचा. काळ्या बारुदीवर चालणारी जुनी रायफल होती ती. प्रत्येक गोळीनंतर नळीत राखेचा थर बसायचा. तो सुकून टणक झाला की पुढची गोळी वाट्टेल तिकडे जायची. म्हणून दर गोळीनंतर मागच्या बाजूने पितळेची बारीक नळी लावून आत फुंकायचं. तोंडातल्या वाफेने थर ओला राहायचा. त्या पितळी नळीला मी फुंकणी म्हणायचो. आमच्या रत्नागिरीकडच्या घरात चुलीजवळ असायची तशीच ती दिसायची. फुंकण्याचं काम माझं होतं.

ओमानमधल्या अझैब्यात अर्बाबचं लेथचं वर्कशॉप होतं आणि मी तिथे टर्नर; तिकडे मालकाला अर्बाब म्हणतात. अर्बाब लष्करातून निवृत्त झालेला ओमानी गृहस्थ, सत्तरीच्या आसपासचा, बोलण्यात मोजका. रायफल त्यांच्या वडिलांची. फुंकणी मीच लेथवर करून दिली होती, शिवाय माझं अक्षर चांगलं, म्हणून त्यांनी मला सोबतीला घेतलं. गुरुवारी दुपारी मागच्या खोलीत आम्ही काडतुसं भरायचो. वापरलेल्या पितळी पुंगळ्या धुऊन घ्यायच्या, बारूद काट्यावर तोलायची, वर पुठ्ठ्याची चकती आणि मऊ शिशाची गोळी. गोळीला मेण आणि बकऱ्याची चरबी. शुक्रवारी सकाळी अल अमेरात गावाच्या मागे, डोंगराच्या कुशीत निशाणबाजीची परवानगी असलेली जागा होती, तिथे जायचो. वहीत मी सगळं लिहायचो: उष्मा, हवेतला ओलावा, वारा, बारुदीचं वजन. शेवटचा रकाना फुंकांचा. दमट हवेत तीन, कोरड्या हवेत पाच.

"पहले हवा देखो, फिर बारूद देखो, फिर मुझे देखो," अर्बाब म्हणायचे. चूक शोधायचा त्यांचा हा क्रम होता आणि ते स्वतःला शेवटी ठेवायचे. मला ते आवडायचं. मी स्वतः तापट माणूस, बिघडलं की आधी दुसऱ्यावर खेकसणारा.

त्या वर्षी उन्हाळ्यात अर्बाबनी गाडी दोनदा घराच्या फाटकाला घासली. त्यांचा मुलगा म्हणाला, बाबा, तुमची नजर गेली, आता गाडी पुरे, बंदूकही पुरे. बापलेकांचं माझ्यासमोरच वाजलं. शेवटी अर्बाबनी स्वतःच मुलाला अट घातली: ईदपर्यंत मुदत. दमट हवेत आणि कोरड्या हवेत, दोन्हीकडे माझ्या दहा गोळ्या जेवणाच्या ताटाएवढ्या जागेत पडल्या तर नजर शाबूत, मग कुणी बोलायचं नाही. नाही पडल्या तर गाडीची किल्ली आणि रायफल दोन्ही तुझ्या हातात.

ऑगस्टमधल्या चिकट हवेत शर्ट पिळून निघायचे, पण दहाच्या दहा गोळ्या ताटात पडल्या. अर्बाबनी निशाणाचा भोकं पडलेला कागद घडी करून खिशात ठेवला आणि परतताना गाडीत गुणगुणत राहिले. त्यांना गुणगुणताना मी तेव्हाच काय ते ऐकलं. राहिली होती फक्त कोरडी हवा. ती ऑक्टोबरात आली आणि तिच्याबरोबर रमजान आला.

आमच्या घरात एक नियम होता: रोज्यात फुंकणी नाही, विंझणा, म्हणजे हातपंखा. फुंकणीने फुंकताना मध्ये श्वास घ्यावा लागतो, धूर घशात जातो आणि रोजा तुटतो, असं वडिलांचं ठाम मत. आई दिवसभर उपाशीपोटी विंझण्याने चूल पेटती ठेवायची, मनगट दुखलं तरी. मी पस्तीस वर्षांचा होऊन परदेशात राहत होतो, पण हा नियम माझ्या हाडात होता. आणि रायफलीच्या नळीतून तर गंधकाचा जाड धूर यायचा.

पहिल्या शुक्रवारी अर्बाबनी विचारलंही, "रोज़े में तकलीफ़ तो नहीं?"

"नहीं, अर्बाब," मी म्हणालो.

का म्हणालो? इतकंच सांगायचं होतं की धुराची मला भीती वाटते. त्यांनी ओली चिंधी फिरवायला सांगितली असती, काम भागलं असतं. पण हे काम दुसऱ्या कुणाकडे जाईल असं वाटलं. वर्कशॉपमधल्या दहा जणांत अर्बाबच्या गाडीत पुढे बसणारा मी एकटा होतो, आणि मला ती जागा सोडायची नव्हती. मी फुंकणी ओठांना लावली, गाल फुगवले आणि श्वास आत सोडलाच नाही. अर्बाब चटईवर पालथे पडून दुर्बिणीतून निशाण बघत होते. गोळीबाराने त्यांचे कान कधीच अधू झाले होते. मी वहीत लिहिलं: फुंका पाच.

त्या दिवशी चार गोळ्या ताटाबाहेर गेल्या. अर्बाबनी हवा बघितली, मग बारूद बघितली, चरबीचं प्रमाण वाढवलं. दुसऱ्या शुक्रवारी सहा बाहेर. राख तशीच राहिली तर नळी गंजते, म्हणून दर वेळी रायफल धुवावी लागायची; रोज्याने ते थकत, म्हणून ते काम त्या महिन्यात माझ्याकडे होतं. गरम पाणी ओतलं की नळीतून कोळशाच्या खपल्या निघायच्या. त्या मी एकट्यानेच बघितल्या.

खोलीत माझ्याबरोबर वसईचा एक ख्रिस्ती इलेक्ट्रिशियन राहायचा. त्याला एका संध्याकाळी इफ्तारनंतर मी सगळं सांगितलं. तो माझ्याच ताटातली भजी खात होता. खाता खाता थांबला.

"म्हणजे तू दिवसभर उपाशी राहून खोटं बोलतोस," तो म्हणाला. "त्यापेक्षा जेवून खरं बोल ना रे."

मी त्याच्यावर भडकलो. तुला रोज्यातलं काय कळतं, म्हणालो. त्याला बरोबर कळलं होतं, म्हणूनच भडकलो.

तिसऱ्या शुक्रवारी मुलगाही आला. त्या दिवशी खरंच फुंकायचं असं मी ठरवून गेलो होतो. पण तेव्हा फुंकलं आणि गोळ्या एकदम सरळ गेल्या तर आधीचं उघडं पडेल, ही भीती वाटली. शिवाय रोजा होताच. मी पुन्हा गाल फुगवले. कोरडा वारा तोंडावर आपटत होता. दहापैकी सात गोळ्या ताटाबाहेर गेल्या, दोन तर निशाणाच्या फळीलाही लागल्या नाहीत. अर्बाब बराच वेळ उठलेच नाहीत. मग त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "फूंका बराबर?"

"जी, अर्बाब. पाँच."

"खलास," ते म्हणाले. त्यांनी रायफल न धुताच पेटीत ठेवली, वही तिच्यावर ठेवली, कुलूप लावलं आणि गाडीची किल्ली मुलाच्या हातात दिली. परतताना ते मागे बसले. मुलाने गाडी चालवली आणि मी पुढे होतो, माझ्या नेहमीच्या जागेवर.

हिवाळ्यात मुलाने त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाला, वयाच्या मानाने नजर उत्तम आहे. अर्बाब दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमध्ये येऊन माझ्या लेथसमोर उभे राहिले आणि दोन्ही पंजे पुढे धरले. "आँख ठीक है," ते म्हणाले. "मतलब हाथ गया." पंजे जराही थरथरत नव्हते. तेव्हा सांगता आलं असतं. रमजान नव्हता, धूर नव्हता, आसपास कुणी नव्हतं. मला लाज वाटली, आणि लाजेहून जास्त भीती वाटली. मी मशीन चालू केलं.

पुढे त्यांचं येणं कमी झालं. त्यांनी गाडी मागितली नाही, रायफलही मागितली नाही. दोन वर्षांनी ते गेले. मला आजही वाटतं की ते त्या शुक्रवारपासूनच जायला लागले होते, आणि त्यांना तिथून ढकलणारा मी होतो.

महिन्याभराने मुलाने मला घरी बोलावलं; आता वर्कशॉपचा मालक तोच होता. रायफल मजलिसच्या, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीच्या खोलीच्या, भिंतीवर लावायची होती, त्याआधी ती साफ करायची होती. पेटीचं कुलूप त्या शुक्रवारनंतर कुणी उघडलेलं नव्हतं. मी नळीत गरम पाणी ओतलं. आधी काळं आलं, मग लाल. आतून ती पार गंजून गेली होती.

मुलगा माझी वही चाळत होता. "बाबा बोलता था," तो म्हणाला, "हवा बराबर, बारूद बराबर, किताब में सब बराबर लिखा है. गलती मेरी है."

मग त्याने लाल पाण्याकडे बघितलं. "ये कैसे हुआ?"

"हवा से, अर्बाब," मी म्हणालो.