बसल्याचे तास

मार्चमधला पहिला सोमवार. मागणी कट्ट्यामागे एक रुपया वाढीची. हजर तिघे: नांदेडच्या एका डाळमिलचे मालक, हमालांचा मुकादम बळीराम आणि कॉस्टिंगची, म्हणजे खर्चाच्या हिशेबाची कामं करणारा मी.

कट्टा म्हणजे पन्नास किलोचं पोतं. दहा जणांची टोळी ट्रक भरते, कट्ट्यामागे पाच रुपये घेते आणि सारखे वाटून घेते. लातूरला सहा मिळतात, एवढंच बळीरामचं म्हणणं. जूनमध्ये त्याला मुलीच्या नर्सिंगची फी भरायची होती. मालक म्हणाले, तिथली माणसं दिवसभर राबतात, म्हणून जास्त कमावतात. तासाचा रेट काढा. लातूर पुढे निघालं तर मी तेवढंच देईन.

तासाची मजुरी म्हणजे दिवसाची कमाई भागिले कामाचे तास. साधा भागाकार. पण कारखाना कुठे काढायचा हे ठरवणारे लोक हा आकडा आधी बघतात. मालकांना तो जिल्ह्यातल्या उद्योजकांच्या बैठकीतही मांडायचा होता.

बळीरामला तास विचारले. तो म्हणाला, पाच. रोजचे सरासरी बाराशे कट्टे, माणशी सहाशे रुपये. तासाला एकशे वीस. मग लातूरच्या एका मिलमध्ये जाऊन आलो. तिथेही दहा माणसं, तेवढेच कट्टे, माणशी सातशे वीस. पण गेटवर अंगठ्याचं मशीन होतं आणि त्यात तास नऊ. म्हणजे तासाला ऐंशी.

मालक खूश झाले. चार्टवर नांदेडचा खांब लातूरच्या दीडपट उंच. बळीरामनं तो बघून घेतला.

"मंग आमची पोरं लातूरला का पळून राहिली, साहेब?"

त्यात माझाही एक प्रश्न वाढला. तेवढीच माणसं तेवढेच कट्टे नांदेडला पाच तासांत भरतात आणि लातूरला नऊ? तिथले हमाल पाठीवर कट्टा घेऊन जवळजवळ पळताना मी पाहिले होते. कट्ट्याच्या वजनात फरक असेल म्हणून तेही तपासलं. फरक नव्हता. भागाकार पुन्हा केला. तोही बरोबर.

शेवटी सकाळीच नांदेडच्या मिलवर जाऊन बसलो. टोळी शेडखाली होती. दोघे पत्ते खेळत होते, एक जण झोपला होता. पहिला ट्रक दुपारच्या तोंडावर आला. भरून गेला. टोळी पुन्हा बसली, पुढच्या ट्रकची वाट बघत.

"सकाळपासून इथंच असता?" मी बळीरामला विचारलं.

"हाव. ट्रक आला अन् आमी न्हाई, तर शेठ दुसरी टोळी लावतेत."

"मग तास पाचच कसे?"

मी काही लागट बोललो असल्यासारखं त्यानं माझ्याकडे पाहिलं. "बसल्याचे कसले तास, साहेब? पाठीवर कट्टा असला की काम."

लातूरच्या मशीनमध्ये बसलेलेही तास धरले जात होते. तेच माप इथे लावलं, तर सकाळी आल्यापासून संध्याकाळी जाईपर्यंत नऊ तास. सहाशे भागिले नऊ, तासाला सदुसष्ट. लातूर पुढे.

मालकांनी मोबाइलवर भागाकार करून पाहिला. शब्द दिला होता. रुपया वाढवला. मग म्हणाले, "पण सर, बसलेले तास कामाचेच, हे तुम्हीच ठरवलं ना? मग ट्रक नसताना यार्ड झाडायचं, रिकाम्या पोत्यांचा बारदाना झटकायचा."

आकडा माझाच होता. मी बळीरामकडे पाहिलं.

"फी भरायची हाय," तो म्हणाला. "झाडतो."

बैठकीत नांदेडचा खांब लातूरच्या बरोबरीला आला. जिल्हा वर गेला की नुसतं टोळीचं काम वाढलं, हे मला अजून नीट सांगता येत नाही. भागाकारात झाडू दिसत नाही. एवढं मात्र शिकलो, की तास विचारताना ते कुणाच्या हिशेबाचे, हे आधी विचारावं.

नव्या दराच्या पहिल्या शनिवारी बळीरामच्या हाती सहा दिवसांचे त्रेचाळीस हजार दोनशे पडले. तिथेच शेडखाली दहा वाटे झाले. माझी फी आठ हजार ठरली होती. मालकांनी चार दिले. म्हणाले, पहिला आकडाही तुमचाच होता.