तीनशे फुल्ल

किस्से जमवावे लागत नाहीत, नुसतं एका टेबलावर टिकून बसावं लागतं. मेहकरच्या एका सरकारी ऑफिसात रजेच्या टेबलावर मला एकवीस वर्षं झाली. न घेतलेल्या अर्जित रजेचे रिटायर होताना पैसे मिळतात, पण तीनशे दिवसांपर्यंतच. त्याच्या वरची रजा बुडते. किश्शांना अशी मर्यादा नाही!

आमच्याकडे निरोपसमारंभात शाल-नारळ दिला की मी त्या माणसाची शिल्लक रजा मोठ्यानं वाचतो. "तीनशे फुल्ल!" म्हटलं की टाळ्या पडतात. दोनशे ऐंशीवाला बिचारा खाली मान घालून पेढा खातो.

*

जानेफळहून येणाऱ्या गवईबाई आमच्या सीनिअर क्लार्क. एकदा तापानं फणफणलेल्या आल्या.

"बाई, घरी जा," मी म्हटलं.

"जाऊ कशी? एका दिवसाचा पगार तुम्ही देता का?"

दुपारी खुर्चीतून खाली पडल्या. डेंग्यू निघाला. रिक्षात घालताना डोळे उघडले आणि म्हणाल्या, "आजची सही झाली हाये बरं माही!"

*

साखरखेर्ड्याचे काकडे रिटायर झाले तेव्हा भरले दोनशे सत्त्याऐंशी. तेरा कमी! भांडायलाच आले. मी पान काढून दाखवलं. वडील वारले तेव्हाची रजा होती.

काकड्यांनी त्या पानावरचे दिवस बोटानं मोजले. मग म्हणाले, "तेरवीपर्यंत थांबलोच काऊन मी?"

आजूबाजूला कोणीही हसलं नाही. दोघांनी तर मान डोलावली.

*

आता माझाही एक सांगतो. रजेचं खातं दर सहा महिन्यांनी लिहायचं असतं. आमच्या टेबलाची रीत वेगळी. माणूस रिटायर व्हायच्या महिन्यात सगळी वर्षं एकदम लिहायची! मधेच कोणी विचारलं, "भाऊ, माही किती झाली?" की माझं उत्तर ठरलेलं, "आधी रिटायर तर व्हा!" यावर सगळं ऑफिस हसायचं. उस्मानभाईही हसायचे.

*

उस्मानभाई आमचे जीपचे ड्रायव्हर. दोन वर्षांपूर्वी त्यांची बायको अकोल्याला दवाखान्यात होती. किरकोळ रजा संपलेल्या. मी म्हटलं, "अर्जित टाका अन् जा."

"अंदाजानं वीसेक कमी हायेत भाऊ. तीनशे भरू द्या, मंग तिच्या उशाशीच बसतो."

ती गेली त्या दुपारी उस्मानभाई साहेबांना घेऊन बुलढाण्याच्या मीटिंगला गेले होते.

गेल्या महिन्यात ते रिटायर झाले. सकाळीच मी त्यांचं खातं लिहून काढलं होतं. समारंभात वाचलं, "तीनशे फुल्ल!" टाळ्या कडाडल्या.

सगळे गेल्यावर ते शाल काखेत धरून माझ्या टेबलाशी आले.

"भाऊ, भरले कधी?"

खोटं बोलायचं मनात आलं, पण पान उघडंच होतं. "अकरा वर्षं झाली," मी म्हटलं. "त्यानंतरची सगळी बुडाली."

मला त्यांच्याकडे बघवेना. त्यांनी खुर्ची ओढली, चष्मा लावला आणि माझ्यापुढचा कोरा कागद आपल्याकडे घेतला.

"एक दिवसाचा अर्ज लिहून देतो भाऊ. ती गेली त्या दिवशीचा. पैसे कापा, पण मले त्या दिवशी रजेवर दाखवा."