म्हातारी स्पष्ट, मेंढरं धूसर
मेलेल्या मेंढरांचे फोटो काढायला गेलो आणि नेमकी मेंढरंच धूसर करून आलो. ओल्या लोकरीचा वास आला की चुडाव्याजवळचं ते शिवार आठवतं. पूर ओसरला होता, चिखलात मेंढरं फुगून पडली होती आणि कुत्री जवळ येऊ नयेत म्हणून धनगराची म्हातारी काठी घेऊन बसली होती. भरपाईला फोटो लागतील म्हणून तिच्या लेकानं मला बोलावलं होतं. मला मात्र तिच्या सुरकुत्या दिसल्या आणि माझ्या अंगात कलावंत संचारला. चिखलात गुडघे टेकून मी तिचा चेहराच टिपत राहिलो. "निघाले का फोटो? पुरू का आता? वास लय सुटलाय," तिनं विचारलं. "पुरा मावशी, झकास आलेत," मी म्हणालो. मायलेकांनी खड्डा करून सगळी पुरली. मग पंचनाम्याला तलाठी आले, कॅमेऱ्यात डोकावले आणि म्हणाले, "मागं हे काळं काय आहे, धोंडे का?" तो फोटो आज माझ्या भिंतीवर आहे, येणारेजाणारे वाहवा करतात. म्हातारीनं मात्र तेव्हा तो एकदाच बघितला आणि म्हणाली, "मी जित्ती हाय की रं. मेलेली सोडून माझं थोबाड कशाला काढत बसलास?"