ह्यांचं इटालियन आणि माझं ‘बरोबर’

हे मी आजवर कुणापाशी बोलले नाही. आईपाशी नाही, देवापाशीही नाही — त्याला ठाऊक असेलच म्हणा. आज तुझ्यापाशी बोलते. जरा जवळ सरक बाई, मोठ्याने नाही सांगता यायचं. हे ओटीवरच बसलेत.

लग्नाला थोडीच वर्षं झाली होती. हे इथे कर्जतच्या शाळेत मास्तर. मुंबईत इटलीच्या आगबोटींची कचेरी होती, तिथे ती भाषा जाणणारा कारकून हवा, असं ह्यांच्या कानावर आलं. झालं! कुठूनसं व्याकरणाचं पुस्तक पैदा केलं आणि मास्तरकीत जन्म काढायचा नाही, असं ठरवून बसले.

रोज दिवेलागणीला मी चुलीपुढे आणि माझ्या पाठीमागे ह्यांच्या येरझाऱ्या. त्या भाषेत म्हणे मला, तुला, तिला यांचे इवलेसे शब्द असतात. त्यांच्यावर जोर द्यायचा नाही, क्रियापदाला बिलगून म्हणायचे. मला समजावत, ‘तू कुठे माझं नाव घेतेस? नुसतं “ह्यांना वाढा” म्हणतेस, तरी घराला कळतं. तसेच ते शब्द.’ मी लाजून चूर. — हसतेस काय? वय काय होतं गं माझं तेव्हा!

मला वाचायलाही ह्यांनीच शिकवलेलं, सासूबाईंच्या नजरेआड. म्हणून हे पुस्तकातली वाक्यं बाळबोध लिपीत पाटीवर उतरवत, पाटी माझ्या हाती देत आणि पाठ म्हणून दाखवत. मी ताडून बघायचं, ‘बरोबर’ नाहीतर ‘चूक’ म्हणायचं. एवढंच माझं काम. आणि विश्वास केवढा — मी ‘बरोबर’ म्हटलं की हे पुन्हा पाटीकडे ढुंकून बघत नसत.

सांगते, सांगते. धीर धर.

तेव्हा मुंबईची नोकरी म्हणजे काय होतं, माहीत आहे ना? पुरुष खाणावळीत, बायको सासूजवळ. भेट गणपतीत नाहीतर शिमग्याला. आणि मला तर ह्यांना संध्याकाळी घरी यायला जरा उशीर झाला तरी करमत नसे. कुणाला सांगायची सोय होती का?

पाटीवर असायचं ‘ला वेदो’ — म्हणजे तिला पाहतो. इवला शब्द आधी. पण ह्यांच्या जिभेला आपल्या मराठीचं वळण — घराला, गावाला — तसा ‘ला’ शेवटीच जायचा, ‘वेदोला’. मी ‘चूक’ म्हणायची, हे जीभ चावायचे, पुन्हा म्हणायचे. सुधारतही होते. मग एकदा सासूबाई म्हणाल्या, तो मुंबईला गेला की तू माझ्या खोलीत निजत जा. त्याच दिवेलागणीला ह्यांनी म्हटलं, ‘वेदोला’. पाटी माझ्या मांडीवर होती. अक्षरं स्वच्छ दिसत होती.

मी ‘बरोबर’ म्हटलं.

आणि मग रोज म्हटलं. एका वाक्याला नाही — तसल्या सगळ्या वाक्यांना. ह्यांच्या तोंडात ते पक्कं बसेपर्यंत.

त्या कचेरीतल्या साहेबाला भेटून मुंबईहून परत आले तेव्हा चेहरा उतरलेला. ह्यांनी तोंड उघडलं की साहेब हसायचा म्हणे. कुठे चुकलं ते त्याने सांगितलं नाही, ह्यांनी विचारलं नाही. पुस्तक माळ्यावर गेलं ते कायमचं. माझ्यासाठी मात्र हिरव्या बांगड्या आणल्या होत्या. हातात देत म्हणाले, ‘माझंच डोकं मठ्ठ गं. तू बिचारी रोज पाटी धरून बसलीस.’

मी बांगड्या घातल्या.

जन्म मास्तरकीतच गेला ह्यांचा. मी सुखात नांदले, खोटं कशाला बोलू? ह्यांच्या तोंडचा घास काढून घेतला आणि त्यावर नांदले. आल्यागेल्याला अजून कौतुकाने सांगतात, आमच्या हिने माझ्यासाठी किती खस्ता खाल्ल्या. मी पाणी आणायला उठते.

कधी लहर आली की ओटीवरून माझ्याकडे बघत म्हणतात, ‘वेदोला!’ आणि थांबतात, मी काय म्हणते ते ऐकायला. कालही म्हणाले. मी तांदूळ निवडत होते. मान वर न करता म्हटलं, ‘बरोबर.’