वलीला माती मिळाली का

कासमचाचा राजापूरकडचे सुतार. अरबी आखातातल्या उम्म सईदच्या तेलबंदरात ते लाकूडकाम करत आणि आम्ही कोकणी मंडळी एकाच बराकीत राहत असू. माणूस तुसडा. कुणी कामाची तारीफ केली तर म्हणत, "झाला तेवढा पुरे, वाटेला लाग." मला ते तेवढ्यासाठीच आवडत.

त्यांचा एकुलता मुलगा वली तेलाच्या जहाजावर खलाशी होता. १९५६ साली तो आमच्याच बंदरातून जपानला गेला आणि तिथल्या शिमोत्सु बंदरात तापाने वारला. जहाजाला थांबायला सवड नव्हती. मयत किनाऱ्यावर सोपवून ते निघालं. पुढचं सगळं एका बौद्ध देवळाने केलं, एवढंच कप्तानाकडून कळलं.

तिकडे मयत जाळतात, हे आम्हाला ठाऊक होतं. चाचांसमोर ब्र काढायची कुणाची छाती नव्हती. पाठीमागे मात्र सगळ्यांना कंठ फुटला. मला त्या बोलणाऱ्यांचा संताप येई. गावी वलीची आई, ताहेरुन्निसाचाची, आल्यागेल्याला एकच विचारी, "माझ्या पोराला माती मिळाली का?" आमच्यात मयताला आग लावणं म्हणजे त्याला पुन्हा मारणं. चाचांना तेच आतून खात होतं.

दोन वर्षं खटपट करून त्यांनी जपानला जाणाऱ्या जहाजावर सुताराची जागा मिळवली. त्याच जहाजावर आमचा इकबाल खानसामा होता. पुढचं मला त्याने सांगितलं.

शिमोत्सुच्या डोंगरात शेकडो वर्षांची देवळं आहेत. वली कोणत्या देवळात, ते कुणालाच माहीत नव्हतं. बंदरावरचा एक दुभाष्या घेऊन दोघे निघाले. चाचा प्रत्येक देवळात चपला काढत आणि उंबऱ्याबाहेरच उभे राहत. मूर्तीकडे बघत नसत. काळ्या पडलेल्या खांबांवरून मात्र हात फिरवत. "एक खिळा नाय," एवढंच म्हणाले. पहिल्या दोन्ही देवळांत भिक्षूंनी अस्थींचे कलश दाखवले, पण त्यात परदेशी कुणी नव्हता. दुसऱ्या देवळाच्या पायऱ्या उतरताना चाचा मध्येच खाली बसले.

"इकबाल, परत जाऊ. नाय कळला तर बरा."

इकबालने ऐकलं नाही, हे त्याचे उपकार.

तिसऱ्या देवळात 'हिंदी खलाशी' म्हणताच म्हातारा भिक्षू उठला. त्याने मागच्या उतारावर नेऊन मातीचा एक उंचवटा दाखवला. या भागात अजून पुरतातही, असं दुभाष्या म्हणाला. पण चाचांचा जीव काही खाली पडला नाही.

"ठेवला कसा? तोंड कुठं केला?"

दुभाष्याने विचारलं.  भिक्षू तिथेच गवतावर आडवा झाला. उजव्या कुशीवर, डोकं उत्तरेला, तोंड पश्चिमेला. राजापूरच्या कब्रस्तानात आम्ही मयत ठेवतो ती हीच रीत.

"आमचे बुद्ध गेले ते असेच निजून," भिक्षूचं बोलणं दुभाष्याने सांगितलं. "म्हणून आम्ही सगळ्यांनाच असं ठेवतो."

चाचा कबरीपाशी बसून खूप रडले. बापाने द्यायची तीन मुठी माती त्यांनी दिली. जाताना भिक्षूने विचारलं, मुलाच्या अस्थी काढून घरी न्यायच्या आहेत का?

"नको," चाचा म्हणाले. "पोर बरा निजलाय. उठवू नका त्याला."