घानातल्या लोण्याचा मालक

ती सकाळ अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. नोकरीत मी पुष्कळ तपास केले, पण हा तपास निवृत्तीनंतरचा आणि तोही हद्दीबाहेरचा. हद्दीबाहेर म्हणजे किती, तर घटनास्थळ आफ्रिकेत, घाना देशात. फिर्यादी अमेरिकेत, अल्फारेटाला. आणि तपासी अंमलदार मी. सातवीत शाळा सुटलेला, शिपाई म्हणून भरती होऊन सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालेला, आता मुलीच्या घरी नुसता बसून असलेला.

फिर्यादी म्हणजे आमची शेजारीण, मूळची घानाची. तिचे उपकार आधी सांगतो. इथं आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी फिरायला निघालो आणि घर हरवून बसलो. सगळी घरं एकसारखी, रस्त्यावर माणूस नाही. जन्मभर पोलिसात काढून मला पोलिसांचीच भीती वाटायला लागली. कुणी हटकलं तर कोणत्या भाषेत काय सांगणार? तेवढ्यात ही बाई गाडीतून आली, थांबली, "पापा" म्हणाली आणि मला दारात आणून सोडलं. हिच्यासाठी काहीतरी करायचं, हे तेव्हाच मनात धरलं होतं.

तिचं गाऱ्हाणं असं. गावी तिची आई आणि शेजारच्या बायका शिया नावाच्या झाडाच्या बियांचं लोणी काढतात. ते अंगाला लावतात. इथल्या एका दुकानाला ते हवं होतं, पण अट अशी की माल घानात रीतसर नोंदवलेल्या धंद्याकडूनच घेणार. महिनाअखेर नोंद झाली नाही तर दुसरीकडून घेणार. बाईनं धाकट्या भावाला सांगितलं, आईच्या नावानं नोंद कर. भाऊ म्हणाला, केली. पण प्रमाणपत्राचा फोटो काही येईना.

मग खबर मिळाली. ती जिथं वेण्या घालून घ्यायला जाते, तिथली एक गाववाली म्हणाली, हल्ली ही कामं एवढी रखडत नाहीत, भावानं स्वतःच्या नावावर तर केलं नाही ना, बघ. तेव्हापासून बाईचं जेवण सुटलं. दुकान गेलं तर गेलं, म्हणाली, पण भावानं आईला लुबाडलं असेल तर मला परत जायला घर कुठं राहिलं?

मी मुलीला म्हटलं, त्याच्याशी मला बोलू दे.

"बाबा, प्लीज. तुम्ही ड्यूटीवर नाही आहात," मुलगी म्हणाली. पण शनिवारी सकाळी तीच लॅपटॉप घेऊन शेजारणीच्या डेकवर येऊन बसली.

पाइनच्या झाडांत धुकं अडकलेलं होतं. इथली झोप माझ्या डोळ्यांना अजून सवयीची नव्हती, त्यामुळे सगळं अर्धं स्वप्नात चालल्यासारखं. स्क्रीन उजळली आणि लाल माती दिसली, झाडाची सावली, चार कोंबड्या आणि पुढ्यात तिचा भाऊ. क्षणभर वाटलं, हे आमच्या ठाण्यामागचं आवार. आता कोणीतरी चहा घेऊन येईल.

मी मराठीत विचारायचो, मुलगी इंग्रजीत सांगायची, शेजारीण त्यांच्या भाषेत. उत्तर त्याच वाटेनं परत यायचं. मला ते सोयीचंच पडलं. शब्द फिरून येईपर्यंत चेहरा निवांत वाचता येतो.

नोंदीचं मी काही काढलंच नाही. कचेरी कशी आहे, एवढंच विचारलं. फार चांगली, म्हणाला. कारकून? फार प्रेमळ. गर्दी? अजिबात नाही.

"हा गेलेलाच नाही," मी मुलीला हळू म्हटलं.

"कशावरून?"

"सरकारी कचेरीत जाऊन आलेला माणूस आधी पोटभर शिव्या देतो. मग कामाचं बोलतो."

मुलीला हसू आवरेना. शेजारणीला सांगितलं तर तीही हसली आणि हसता हसता गप्प झाली. म्हणजे भाऊ खोटं बोलत होता, हे तर ठरलंच.

पण आणखी एक गोष्ट मी पाहिली होती. प्रत्येक उत्तराआधी तो डावीकडे बघत होता. मी म्हटलं, डावीकडे जे कोण बसलंय त्याला समोर आण.

भावानं मान खाली घातली. स्क्रीनवर म्हातारी आली. कोपरापर्यंत हात लोण्यानं चकाकत होते. ती शेजारणीची आई.

मीच त्याला जाऊ दिलं नाही, म्हणाली. त्यांची रीत अशी की लोणी रोज एकीच्या अंगणात घुसळायचं. जिचं अंगण, त्या दिवशी मालकीण ती. म्हातारी असो, आंधळी असो, बारी प्रत्येकीची येते. नोंदीत एकीचं नाव लागलं की बाकीच्या तिच्या मजूर. हे लेकीला सांगवेना, म्हणून पोराला खोटं बोलायला लावलं.

"तू मला कायमची मालकीण करायला निघालीस," म्हातारी म्हणाली. "मग उद्यापासून माझ्या अंगणात येईल कोण?"

लोण्याच्या डब्यावर आईचं नाव, हे शेजारणीनं किती वर्षं मनात जपलं असेल, देव जाणे. मी एवढंच सुचवलं की सगळी वस्ती मिळून तक्रार द्यायला आली तर आम्ही सगळ्यांची नावं लिहून घ्यायचो, हात दुखेपर्यंत. तिथं मालक एकच लागतो का? आता भावाला कंठ फुटला. भागीदारीत नोंद होते, म्हणाला, मी चौकशी केली होती. पण ताई म्हणाली, फक्त आईचं.

"मग सगळ्यांची घाल," शेजारीण त्याला म्हणाली. "आणि मला माफ कर. मी तुला चोर समजले."

मग हात पुसत एकेक बाई स्क्रीनसमोर आली आणि आपलं नाव सांगून बाजूला झाली. एक आंधळी आजी भलतीकडेच तोंड करून मोठ्यानं बोलली. शेजारीण प्रत्येक नाव ओठांतल्या ओठांत म्हणत होती. धुकं निघून ऊन पडलं तरी ते चालूच होतं. मला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं, तरी उठवेना.

शेवटी म्हातारीनं विचारलं, "आणि तुझं?"

मी इतक्या लांब, माझी बारी कशी येणार, शेजारीण म्हणाली.

"अंगण आहे ना तुला?"

सोमवारी भाऊ कचेरीत गेला. मुदतीच्या आत नोंद झाली.

नोकरीत मुद्देमाल समोर आला की माझा पहिला प्रश्न असायचा, मालक कोण? एक नाव धड सांगता आलं नाही की मी संशय धरायचो. आता वाटतं, त्या समोर उभ्या राहिलेल्या माणसांतल्या काहींकडे खरंच एक नाव नसेल. खोटं बोलणारा सापडला की आम्ही तपास संपला म्हणायचो. तो कोणासाठी खोटं बोलतोय, हे विचारायला मला अमेरिकेत यावं लागलं.

उन्हाळ्यात गावाहून बियांची पिशवी आली. शेजारणीनं मागच्या हिरवळीवर चटई अंथरली, मोठं घमेलं ठेवलं आणि आम्हाला बोलावलं. मुलगी घुसळत होती, मी पाणी घालत होतो. लोणी वर यायला दुपार झाली. अंगण शेजारणीचं, त्या दिवशी मालकीण ती होती.