बाबांना विचारा

मॉरिशसच्या विमानतळावर आई रडेल आणि मी तिला धीर देईन, अशी सगळ्यांची अपेक्षा. झालं भलतंच. आई ठणठणीत. "थंडी असते म्हणे तिकडे, डोक्याला बांधत जा," एवढंच तिचं चाललेलं, आणि मी दातओठ खात उभा. दोन हजार दोन साल. अमेरिकेतल्या एका लहानशा कॉलेजने फुटबॉलसाठी मला स्कॉलरशिप दिली होती. मावशी म्हणाली, "बाळा, मोठा हो." मी मनात म्हटलं, मोठा मग होईन, आधी त्या गोविंदकाकांना माझ्या बापाच्या दारात उभं करीन.

गोविंदकाका कोण, हे गावाकडच्यांना सांगायला नको. इकडे आलेल्यांसाठी सांगतो. आमच्या बेटावर मराठी माणसं आहेत, कोकणातून उसाच्या मळ्यात कामाला नेलेल्यांची पोरंबाळं. गणपती आम्ही दणक्यात करतो. गोल धरून गात गात नाचतो, त्याला झाकरी म्हणतात. आणि विसर्जनाला मूर्ती डोक्यावर घेऊन थेट समुद्रात शिरतो. मी अमेरिकेला निघायच्या आदल्या वर्षी तो मान माझा होता. दुसऱ्याच दिवशी बेटाच्या ज्युनियर संघाची निवड. शहाण्याने पायात बूट घातले असते. पण देव डोक्यावर असताना पायात काही घालायचं नाही, ही आमची रीत. गेलो अनवाणी, आणि समुद्राच्या तळाशी तो काळ्या काट्यांचा गोळा असतो ना, नेमका त्याच्यावर पाय दिला. टाचेत काटे मोडले. आईने सुईने निघतील तेवढे काढले, आणि दुसऱ्या दिवशी मी लंगडत खेळलो.

संघ निवडणारे गोविंदकाका. आपलेच. दोन दिवसांपूर्वी आमच्याकडे मोदक हाणून गेलेले! त्यांना माझ्या पायाचं माहीत होतं, आईने त्या सकाळीच स्वतः सांगितलं होतं. बाबा बस चालवायचे. ड्युटीवरून तसेच खाकी कपड्यांत मैदानावर आले होते. काकांनी मला संघात घेतलं नाहीच, वर सगळ्या पोरांसमोर, शेजारी बसलेल्या साहेबांना हसवायला म्हणून बाबांना म्हणाले, "सखाराम, पोरगं झाकरी नाचायला झकास आहे. मैदानावर कशाला आणलंस?"

सगळे हसले. बाबाही हसले. हात जोडून, "हो हो, खरंय," म्हणत हसले. काका मला नालायक म्हणाले असते तर मी चार दिवसांत विसरलो असतो. बाबांचं ते हसू मात्र मी विसरलो नाही. पुढे बसमध्ये चढणारा प्रत्येक टवाळ "काय झाकरीवाले?" म्हणून हाक मारायचा, आणि बाबा त्यालाही हसून दाखवायचे.

मॅसॅच्युसेट्सच्या त्या कॉलेजात पहिलं वर्ष बेंचवर गेलं. कोच सगळ्यांनाच "बडी" म्हणायचा, त्यामुळे त्याला माझं नाव ठाऊक आहे की नाही तेच कळायचं नाही. बर्फ बाजूला लोटून मैदान मोकळं केलं की कृत्रिम गवतावर गुडघे सोलून निघायचे. पोरं जिममध्ये गाणी ऐकत धावायची. मी गोविंदकाकांचा चेहरा डोळ्यांसमोर आणायचो आणि धावायचो. दमलो की त्यांच्या मोदक खाणाऱ्या तोंडाचा चंबू आठवायचा, आणि पुन्हा पायांत जोर. राग फार कामाची वस्तू आहे, यार. फुकट मिळते आणि संपत नाही.

कॉलेजजवळच्या श्रूजबरी गावातल्या काकू मला एका गणपतीत भेटल्या. मूळच्या पुण्याच्या, यजमान सॉफ्टवेअरमध्ये. "अय्या, मॉरिशसचा? आणि मराठी बोलतोस?" असं म्हणून त्यांनी जे ताब्यात घेतलं ते आजतागायत सोडलेलं नाही. दर रविवारी मला राइड देऊन घरी न्यायच्या. माझं बेटावरचं मोडकंतोडकं मराठी त्यांच्याच ओट्याशी उभं राहून सुधारलं. त्यांना मी सगळं सांगितलं होतं. त्या म्हणायच्या, "सूड घ्यायचाय ना? घे. पण आधी जेव. काडी झालायस नुसती."

तिसऱ्या वर्षी मी गोल करायला लागलो. चौथ्या वर्षी थांबेचनात. आमच्या बेटावरच्या पेपरात माझा फोटो आला, आणि एका रविवारी काकूंच्या स्वयंपाकघरात माझा सेलफोन वाजला. गोविंदकाका! आता ते मोठ्या संघाच्या निवड समितीत बसत होते. आवाजात साखर. "बाळा, देशाला तुझी गरज आहे. पुढच्या महिन्यात मॅच आहे, येशील ना?"

देशाच्या संघाचा तो शर्ट मला किती हवा होता, कसं सांगू? लहानपणापासून दुसरं काही मागितलंच नव्हतं. "येतो" हा शब्द तोंडात तयार होता. पण इतक्या वर्षांचा राग आडवा आला. मी म्हटलं, "काका, मला नका विचारू. बाबांना विचारा. फोनवर नाही, घरी जाऊन." माझा हिशेब सरळ होता. काका दारात उभे राहतील, हात जोडतील, बाबा हो म्हणतील, मी विमानात बसेन. काकूंनी भरल्या हातांनी टाळी दिली. "शाब्बास! जिरवलीस!"

पुढच्या रविवारी कॉलिंग कार्डावरचा नंबर खरवडून घरी फोन लावला.

"आले होते," बाबा म्हणाले. "बसले. चहा प्यायले. हात जोडले."

"मग?"

"मी नाही म्हटलं."

मी ओरडलोच. "बाबा! मी खेळणार होतो! नाही कशाला म्हणालात?"

"मला काय ठाऊक? तू म्हणालास बाबांना विचारा. त्यांनी विचारलं, मी सांगितलं." मग कधी ऐकला नव्हता अशा आवाजात म्हणाले, "तुला काय वाटलं रे, त्या दिवशी मला लागलं नव्हतं?"

मी फोन ठेवला. गोविंदकाकांचा नंबर माझ्याकडे होता. एक फोन केला असता, तर शर्ट माझा. काकूंनीही सांगितलं, "कर रे, बाबा समजून घेतील." घेतलं असतं. समजून घेतलं असतं, आणि गावभर पुन्हा "हो हो" करत हसले असते. उभ्या आयुष्यात माणूस एकदाच नाही म्हणाला होता, तो शब्द मी खाली पडू देणार नव्हतो. फोन केला नाही.

बेटाचा संघ ती मॅच हरला. सडकून हरला. काकूंच्या कॉम्प्युटरवर बातमी वाचली आणि मी मोठ्याने म्हटलं, "बरी जिरली!" आनंद झाला, खोटं कशाला बोलू? काकूंनी पान वाढलं. वरणभाताचा पहिला घास तोंडात घेतला आणि तो काही केल्या उतरेना.

आता मी इथेच नोकरी करतो, शनिवारी शाळेतल्या मुलींना फुटबॉल शिकवतो. गोविंदकाकांना माफ केलेलं नाही, करणारही नाही. तो शर्ट मला मिळाला नाही आणि आता मिळणारही नाही. पण इथला संघ हरला तर मी टीव्ही बंद करून निवांत झोपतो, आणि तिकडचे हरले की मनातल्या मनात टाळ्या वाजवतो आणि उपाशी राहतो. घर कुठलं, ते एवढ्यावरून तुम्हीच सांगा.